इचिरो नेमका निवृत्त कधी झाला?

2025च्या जुलैमध्ये जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीला अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या सन्मानयादीत, स्थान मिळालं आणि ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलच्या क्लबने त्याचा 51 क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो आता तिथे दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. दोन्ही वेळच्या बातम्यांत कारकिर्दीचा शेवट 21 मार्च 2019 असा छापून आला. कागदोपत्री ते बरोबरच आहे. पण त्याआधीचे साडेदहा महिने तो खेळाडू होता की पदाधिकारी, याचं सरळ उत्तर क्लबने तेव्हा दिलं नाही. आता तर तो प्रश्न विचारायचंही लोक विसरलेत.

जपानमधली नऊ वर्षं थोडक्यात. पाय झोक्यासारखा हलवून चेंडू मारण्याची त्याची पद्धत आधीच्या व्यवस्थापकाला पसंत नव्हती, त्यामुळे पहिले दोन हंगाम बराचसा वेळ दुय्यम संघात गेला. 1994 मध्ये नवा व्यवस्थापक आला. त्याने इचिरोला रोज खेळवलं आणि पाठीवर आडनावाऐवजी नाव लावायला सांगितलं. त्या वर्षी 130 सामन्यांत 210 हिट्स (चेंडू मारून सुखरूप बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठणं) झाल्या. तिथे एका हंगामात दोनशेचा आकडा त्याआधी कुणीही गाठला नव्हता. त्या वर्षापासून 2000 पर्यंत सलग सात वर्षं तो आपल्या लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत (दर प्रयत्नामागे हिट्स) पहिला राहिला. मग बोलीच्या पद्धतीतून सिअ‍ॅटलने त्याच्या क्लबला 1 कोटी 31 लाख डॉलर मोजले. तोवर जपानहून अमेरिकेत जाऊन नाव कमावलेले सगळे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होते. रोज फलंदाजी करणारा, एवढ्या सडसडीत बांध्याचा माणूस तिथे टिकेल का, अशी शंका दोन्ही देशांत होती.

ती शंका एका उन्हाळ्यात संपली. 2001 मध्ये 242 हिट्स, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकाच वर्षी. 2004 मध्ये 262 हिट्स, म्हणजे जॉर्ज सिसलरचा 1920 सालचा 257चा विक्रम मोडला. 2010 पर्यंत सलग दहा वर्षं दोनशेच्या वर. हा भाग सगळ्यांना पाठ आहे.

उतरणीची वर्षं मात्र फारशी कुणी सांगत नाही. 2011 मध्ये 184 हिट्स झाल्या आणि मालिका तुटली. 23 जुलै 2012 रोजी सिअ‍ॅटलने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. योगायोग असा की त्या दिवशी न्यूयॉर्कचा संघ सिअ‍ॅटलमध्येच होता. इचिरो एका ड्रेसिंग रूममधून सामान उचलून दुसरीत गेला आणि त्याच संध्याकाळी 31 क्रमांकाचा शर्ट घालून जुन्या प्रेक्षकांसमोर उतरला. टाळ्या थांबेनात तेव्हा त्याने हेल्मेट काढून वाकून नमस्कार केला, मग हिट मारली आणि दुसरा बेसही चोरला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच धावून गाठला. पुढे मायामीत तो मुख्यतः राखीव होता. 7 ऑगस्ट 2016 रोजी डेन्व्हरला अमेरिकेतली 3000वी हिट आली, तीही तिहेरी, म्हणजे थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारी. 2017 मध्ये बदली फलंदाज म्हणून त्याने 27 हिट्स मारल्या. हंगामाचा विक्रम 28चा आहे. मायामीने तरीही करार पुढे नेला नाही.

2018च्या मार्चमध्ये सिअ‍ॅटलने त्याला परत बोलावलं, याचं पहिलं कारण भावनिक नव्हतं. आउटफिल्डमधली, म्हणजे सीमेकडच्या भागात क्षेत्ररक्षण करणारी, मंडळी जखमी होती, माणूस हवा होता. 44 वर्षांच्या इचिरोने 15 सामन्यांत 9 हिट्स काढल्या, सरासरी .205. जखमी बरे झाले, जागा कमी पडली आणि कुणाला तरी काढणं भाग होतं. तेव्हा, 3 मे रोजी, क्लबने जाहीर केलं की इचिरो आता अध्यक्षांचा विशेष सहायक असेल. त्या हंगामात तो खेळणार नाही, पण निवृत्तही होत नाही. संघाबरोबर फिरेल, रोज सराव करेल, सामना सुरू झाला की मात्र डगआउटमध्ये (मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांवर) बसणार नाही, कारण नियम तशी परवानगी देत नाही. पुढच्या वर्षी परत खेळायचा दरवाजा उघडा.

यावर त्या वेळी मतं सरळ दोन बाजूंना गेली. एक बाजू म्हणाली, हा सन्मानाचा मार्ग आहे. ज्याने क्लबला दहा वर्षं उभं धरलं त्याला .205 च्या सरासरीवर नारळ देणं शोभलं नसतं. दुसरी बाजू म्हणाली, हे बाजाराचं गणित आहे. 2019चा हंगाम टोकियोत सुरू होणार आणि सिअ‍ॅटल त्यातला एक संघ असणार हे ठरलंच होतं. इचिरोशिवाय सिअ‍ॅटल टोकियोत उतरला असता तर प्रेक्षकांनी काय म्हटलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण क्लबने दुसरी कधी मोठ्याने कबूल केली नाही आणि खटकतं ते एवढंच. खेळाडूची बाजू स्वच्छ होती. पन्नाशीपर्यंत खेळायचं असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. खेळायची एक फट उघडी आहे म्हटल्यावर तो ती बंद करणार नव्हता.

त्या मधल्या काळात त्याने सराव एक दिवस सोडला नाही, असं सोबतचे सांगतात. सामना सुरू झाला की तो आत जाऊन सरावाच्या जाळीच्या पिंजऱ्यात चेंडू मारत बसायचा. नियमावरचा त्याचा राग एकदाच, तोही गमतीने बाहेर आला. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर पहिल्या डावात सिअ‍ॅटलच्या डगआउटमध्ये हूडी, गॉगल आणि खोट्या मिशा लावलेला एक इसम दिसला. कॅमेऱ्याने त्याला लगेच टिपला. थोड्या वेळाने इसम गायब.

2019च्या वसंत सराव सामन्यांत त्याला 25 प्रयत्नांत 2 हिट्स मिळाल्या. एरवी एवढ्यावर नाव कटलं असतं. टोकियोच्या मालिकेपुरती संघात 28 जणांची सोय होती, त्यामुळे इचिरोमुळे दुसऱ्या कुणाची जागा गेली असं म्हणता येत नाही. टीकाकार हा तपशील सोयीने गाळतात. दोन सामन्यांत मिळून पाच प्रयत्न, हिट एकही नाही, एक वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्याने फुकट मिळालेला बेस). दुसऱ्या सामन्यात आठव्या डावात त्याचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) गेला, 45 वर्षांचा माणूस जीव खाऊन पहिल्या बेसकडे धावला आणि केसभराने बाद झाला. मग तो राइट फील्डमध्ये गेला आणि लगेच त्याला परत बोलावलं, म्हणजे मैदानभर चालत येताना लोकांना त्याला बघता यावं. त्याच रात्री पदार्पण केलेला जपानी पिचर डगआउटमध्ये त्याच्या खांद्यावर रडत होता. मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झालेली निवृत्तीची पत्रकार परिषद जवळजवळ दीड तास चालली.

या दोन सामन्यांची किंमत त्याला एका बाबतीत मोजावी लागली. हॉल ऑफ फेमसाठी शेवटच्या खेळलेल्या हंगामानंतर पाच वर्षं थांबावं लागतं. 2018लाच थांबला असता तर 2024 मध्ये त्याचं नाव मतपत्रिकेवर आलं असतं. टोकियोने ते एक वर्ष पुढे ढकललं.

दुसरा वाद बेरजेचा. जपानच्या 1278 आणि अमेरिकेच्या 3089 मिळून 4367 होतात, आणि अमेरिकेतला पीट रोझचा विक्रम 4256चा आहे. 15 जून 2016 रोजी सॅन डिएगोत इचिरोची एकत्रित 4257वी हिट आली तेव्हा रोझने आक्षेप घेतला: असंच चाललं तर उद्या त्याच्या शाळेतल्या हिट्सही मोजाल. आक्षेपात दम आहे, कारण दोन लीगचा दर्जा सारखा नाही. पण त्याच्या काळात जपानचा हंगाम 130-135 सामन्यांचा, अमेरिकेचा 162चा, हेही त्याच वहीत लिहावं लागेल. आपल्याकडे रणजी आणि कसोटीच्या धावा प्रथम श्रेणीच्या रकान्यात एकत्र येतात आणि कसोटीचा रकाना वेगळा राहतो. भांडण होत नाही, कारण दोन्ही रकाने आहेत. बेसबॉलमध्ये दोन देशांचा असा सामायिक रकानाच नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा धरून बसतो.

शिवाय अमेरिकेचे स्वतःचे आकडेही फार सोवळे नाहीत. रोझने ज्याला मागे टाकलं त्या टाय कॉबच्या 4191 हिट्समध्ये 1910चा एक सामना दोनदा धरला गेल्याचं नंतर उघड झालं. खरा आकडा 4189 निघतो. तरीही रोझने विक्रम मोडल्याचा 11 सप्टेंबर 1985चा सोहळा जुन्या आकड्यावरच झाला.

जपानच्या हॉल ऑफ फेमसाठी 2025च्या जानेवारीत 349 पैकी 323 मतं पडली, म्हणजे मायदेशातल्या 26 जणांना तो पहिल्या वर्षी योग्य वाटला नाही. त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. अमेरिकेत 394 पैकी 393 पडली आणि सगळी चर्चा उरलेल्या एकाची. तो मतदार कोण, हे बाहेर आलेलं नाही. निकालानंतर इचिरो म्हणाला होता की त्याला घरी बोलावून सोबत एक पेला घ्यायला आवडेल. जुलैत कूपर्सटाउनला, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या गावी, एरवी दुभाष्याशिवाय पत्रकारांशी न बोलणाऱ्या या माणसाने अख्खं भाषण इंग्रजीत केलं आणि त्यात सांगून टाकलं की त्या निमंत्रणाची मुदत आता संपली आहे.