शस्त्रक्रियेतच रेडिएशन: अडीच टक्क्यांच्या वादाची पार्श्वभूमी

स्तन वाचवून फक्त गाठ काढली तर नंतर रेडिएशन हवेच, हे 1980च्या दशकात ठरून गेले होते. पण ते पूर्ण स्तनाला कशासाठी, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्याचे एक मूळ मुंबईत आहे. तिथे काढलेल्या 30 स्तनांचे पातळ काप करून केलेला अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास दोन तृतीयांश स्तनांत मुख्य गाठीखेरीज कर्करोगाचे आणखी ठिपके निघाले, तेही बऱ्याचदा गाठीपासून दूर. प्रत्यक्षात मात्र स्तनात रोग परततो तो बहुतेक वेळा जुन्या गाठीच्या आसपासच. मग दूरचे ठिपके बहुधा पडूनच राहतात आणि खरी काळजी घ्यायची ती गाठ काढलेल्या पोकळीच्या भिंतीची, असा तर्क पुढे आला. जुलै 1998 मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाला ऑपरेशन टेबलावरच डोस दिला गेला. या पद्धतीला पुढे ‘टार्जिट’ हे नाव पडले.

यंत्र लहान आहे. 50 किलोव्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन 10 सेंटिमीटर लांब, 3.2 मिलिमीटर जाड नळीतून जाऊन टोकावरच्या सोन्यावर आदळतात आणि तिथून एक्स-रे सगळीकडे साधारण सारखे फाकतात. नळीवर 1.5 ते 5 सेंटिमीटर व्यासाचा गोल ॲप्लिकेटर चढवतात. गोलाच्या पृष्ठभागाशी 20 ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचे एकक) मिळतात, तिथून 1 सेंटिमीटरवर 5 ते 7. वेळ 20 ते 50 मिनिटे; गोल जितका मोठा तितका वेळ जास्त. ऊर्जा कमी असल्याने नेहमीचे थिएटर चालते, भूलतज्ज्ञ फिरत्या पडद्याआड बसतात.

डोस इतक्या झपाट्याने उतरतो म्हणून फुफ्फुस आणि हृदय वाचते, आणि नेमके त्यामुळेच हलगर्जीपणाला वाव उरत नाही. पोकळीत रक्त किंवा पाणी साचले की भिंत गोलापासून सुटते. काही मिलिमीटरचा थरही डोस खाऊन टाकतो. म्हणून रक्तस्राव पुरता थांबवल्याशिवाय गोल आत जात नाही. मग बटव्याची नाडी ओढावी तसा गोल टाका ओढून भिंत गोलाला चिकटवायची. इथे उलटी चूक होते: टाका त्वचेच्या फार जवळून घेतला किंवा जास्त आवळला तर त्वचाच गोलाकडे खेचली जाते आणि भाजते. त्यासाठी त्वचेच्या कडा टाक्यांनी बाहेर वळवून ठेवतात, कडेखाली ओल्या गॉजची पट्टी सरकवतात आणि अंतर साधारण 1 सेंटिमीटर आहे ना, ते पाहतात.

टार्जिटची पूर्ण स्तनाच्या नेहमीच्या रेडिएशनशी तुलना करणारी मोठी चाचणी मार्च 2000 ते जून 2012 चालली: 11 देशांतली 33 केंद्रे, 45 किंवा अधिक वयाच्या 3451 स्त्रिया. ‘एकदाच रेडिएशन’ हे तिचे वर्णन अर्धवट आहे. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट वाईट आला तर पूर्ण स्तनाचे रेडिएशन वरून द्यायचेच होते. गाठ काढतानाच डोस मिळालेल्यांपैकी पाचात एकीला ते द्यावे लागले.

आता वादाकडे. नवी पद्धत जुनीपेक्षा ‘फार कमी पडत नाही’ एवढेच सिद्ध करायचे होते, आणि ‘फार’ म्हणजे 2.5 टक्के गुणांपेक्षा जास्त, असे आधीच ठरले होते. पण हे ठरवताना जुन्या पद्धतीत 5 वर्षांत 6 टक्के स्त्रियांना रोग परतेल असे धरले होते. प्रत्यक्षात, 2013च्या निकालात, तो आकडा 1.3 निघाला, टार्जिट गटात 3.3. फरक 2.0, म्हणजे मर्यादेच्या आत. सहावर अडीच म्हणजे दीडपटही नाही, 1.3 वर अडीच म्हणजे जवळजवळ तिप्पट. मर्यादा तीच, अर्थ बदलला. शिवाय टीकाकारांचे म्हणणे असे, की मर्यादेशी तुलना करायची ती फरकाच्या अंदाजाची नव्हे, त्या अंदाजाच्या विश्वासपट्ट्याच्या (खरा फरक ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे त्या पट्ट्याच्या) वरच्या टोकाची. आणि ते टोक अडीचच्या आत राहत नव्हते. एकूण रुग्णांचा मध्य पाठपुरावाही (निम्म्या रुग्णांवर त्याहून कमी काळच लक्ष ठेवले गेले, असा काळ) तेव्हा 2 वर्षे 5 महिनेच होता. हे आक्षेप रास्त होते. संशोधकांचे उत्तर त्या मानाने त्रोटक वाटते.

पण टीकाकारांनीही एक गोष्ट सोयीने बाजूला ठेवली. त्या 3.3 मध्ये दोन वेगळ्या कृती एकत्र होत्या. काहींना पहिल्याच ऑपरेशनमध्ये डोस मिळाला. काहींची जखम रिपोर्ट आल्यावर, काही आठवड्यांनी पुन्हा उघडून. तोवर पोकळी आकसलेली, भिंत भरत आलेली. गोल नेमका जुन्या जागी बसेल याची हमी नाही. 2020 मध्ये दोन्ही गट वेगळे छापले गेले. पहिल्या गटात 5 वर्षांनी टार्जिटचे 2.11 विरुद्ध जुन्या पद्धतीचे 0.95 टक्के, जखम पुन्हा उघडलेल्यांत 3.96 विरुद्ध 1.05, म्हणजे फरक 2.9, मर्यादेबाहेर. ही विभागणी आराखड्यात आधीपासून होती, मागाहून शोधलेली पळवाट नव्हे.

शस्त्रक्रियेतच रेडिएशन देणारी मिलानमधली चाचणी याच खात्यात जमा करतात, तीही चूक. तिथे इलेक्ट्रॉनचे 21 ग्रे दिले जात, आणि 5 वर्षांत 4.4 विरुद्ध 0.4 टक्के असा निकाल आला. स्रोत वेगळा, निवडीचे निकष वेगळे.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार वापरावेत याची शिफारस करणाऱ्या ‘नाइस’ संस्थेचा जुलै 2014चा मसुदा अनुकूल होता. जानेवारी 2018च्या अंतिम शिफारशीत मात्र नवी यंत्रे घ्यायला नकार देऊन आहेत ती अटींसह वापरायची मुभा उरली. त्यानंतर 2020 मध्ये पूर्ण स्तनाचे रेडिएशन 26 ग्रे, 5 दिवसांत संपवता येते असे 4096 रुग्णांच्या चाचणीत दिसले. तीन ते सहा आठवडे मुक्काम वाचतो हा टार्जिटचा मुख्य दावा त्यामुळे बराच हलका झाला. तुलना आता एका आठवड्याशी आहे.