वॉर्डातली उतरंड: कोणते काम कोणाचे, हे कसे ठरत गेले

सरकारी रुग्णालयात ज्याने एखादी रात्र काढली आहे, त्याला हे ओळखीचे असेल. भरलेला वॉर्ड, ड्यूटीवर एकच सिस्टर. ती सलाइन लावते आणि पेशंटच्या मुलाला सांगते, "बाटली संपत आली की हाक मारा." लघवीचे भांडे मावशी देतात, स्ट्रेचर मामा ढकलतात. मुलाचा डोळा लागला, बाटली रिकामी झाली आणि नळीत रक्त चढले, तर जाब मात्र सिस्टरलाच द्यावा लागतो. ही कामाची वाटणी कोणी विचारपूर्वक आखलेली नाही. ती साचत आलेली आहे, आणि तिच्या तळाशी दोन गोष्टी आहेत: विटाळ आणि टंचाई.

विटाळ आधीचा. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, त्याचे मलमूत्र काढणे हे 'वरच्या' घरांना निषिद्ध, म्हणून ते काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते त्यांच्याकडेच रुग्णालयातही राहिले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले आणि पुढे विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये पाठवले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. सोवळ्यात वाढलेल्या बाईने अनोळखी रुग्णाची जखम धुवायची, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. सिस्टरला मान मिळत गेला. भांडे उचलणाऱ्या हातांना मात्र तो मिळाला नाही.

टंचाईचा हिशेब स्वातंत्र्याआधी आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने मांडला. १९४६ च्या तिच्या अहवालानुसार देशात जेमतेम ७,००० नोंदणीकृत परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची वाट मोकळी झाली. पण पूर्ण शिकलेल्या परिचारिका खेड्यापर्यंत पोचायला कित्येक वर्षे लागणार होती. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कमी मुदतीचा अभ्यासक्रम निघाला: ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजेच एएनएम, आपल्या गावची नर्सबाई. १९५४ च्या शेट्टी समितीने अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका असावी असे सुचवले. वॉर्डात उभे राहून हे आकडे आठवले की वाईट वाटते.

नर्सबाई मुळात बाळंतपणासाठी आली होती. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने हिवताप, देवी, कुटुंबनियोजन यांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून 'बहुउद्देशीय' सेवकाची कल्पना मांडली, आणि लसीकरणापासून नोंदवह्यांपर्यंत सगळे तिच्या पिशवीत आले. २००५ पासून आशाताई तिच्या जोडीला आल्या, पण त्या पगारी नोकर नव्हेत. कामागणिक मोबदला घेणाऱ्या स्वयंसेविका. २०१८ नंतर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. महाराष्ट्रात त्यांत बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले पुष्कळ. वीस वर्षे गाव पालथे घातलेल्या नर्सबाईने नव्याने आलेल्या तरुण अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायचे, ही घडी अजून नीट बसलेली नाही.

परिचर्येच्या शिक्षणात काम सोपवण्याचा नियम स्पष्ट आहे. तापमान घेणे, अंग पुसणे, कूस बदलणे ही ठरीव कामे शिकवून, तपासून सोपवता येतात. रुग्णाची अवस्था जोखणे, औषधाचा निर्णय, घरच्यांना समजावणे ही परिचारिकेचीच. काम सोपवले तरी देखरेख आणि उत्तरदायित्व तिच्याकडेच राहते. त्यासाठी सोपवणाऱ्याला वेळ हवा आणि समोरच्याला ते काम शिकवलेले हवे. आपल्याकडे मावशी पाहूनपाहूनच शिकतात.

२०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविकी आयोगाचा कायदा संमत झाला, जुना १९४७ चा रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. परिचारिकांची नोंदणी आणि शिक्षणाचा दर्जा यांची नवी चौकटही त्यात आहे. कक्षसेवक आणि मावशी पूर्वीही त्या नोंदणीत नव्हत्या. मी पाहिलेल्या वॉर्डांत सकाळी रिपोर्ट बुकवर रात्रपाळीच्या सिस्टरची सही होते. रात्री तीन वाजता आजोबांची कूस कोणी बदलली, याला त्यात रकाना नाही.