विकत घेतलेली भुतं आणि घरची भुतं

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये तीन रात्रींचा ‘फ्राइट नाइट्स’ हा कार्यक्रम झाला. पार्क सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. हॉन्टेड हाऊस, म्हणजे लोकांनी आतून चालत जायचं भुताचं घर, एकच होतं, ‘डन्जन ऑफ टेरर’, आणि तेही तेव्हा बंद असलेल्या ‘जॉज’ राइडच्या रांगेच्या जागेत उभारलेलं. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस पडद्यावर आणणाऱ्या या स्टुडिओने आपल्या पहिल्या भुताच्या घराला एकाही चित्रपटाचं नाव दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी कार्यक्रमाचं नाव ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ झालं, डन्जन परत आलं आणि त्याच्या जोडीला वेस क्रेव्हनच्या ‘द पीपल अंडर द स्टेअर्स’ या ताज्या चित्रपटावरचं घर आलं. आयपी आणि ओरिजिनल, म्हणजे चित्रपट-मालिकांवरची घरं आणि पार्कच्या स्वतःच्या कल्पनेतली घरं, तेव्हापासून शेजारी शेजारी उभी आहेत.

आता फ्लोरिडातल्या या पार्कात, म्हणजे ऑरलँडोत, दर वर्षी दहा घरं असतात आणि यादी जाहीर झाली की चाहते पहिली मोजदाद हीच करतात. २०२२ मध्ये चार आयपी आणि सहा ओरिजिनल, २०२३ मध्ये पाच-पाच, २०२४ मध्ये पुन्हा चार-सहा, २०२५ मध्ये पाच-पाच. हे आकडे पाहून वाटतं, की निम्म्या-निम्म्याचा हा नियम पहिल्यापासून ठरलेला असावा. प्रत्यक्षात मधल्या काळात पारडं दोन्ही बाजूंना चांगलंच झुकून आलं आहे, आणि आजचा समतोल त्या झुकण्यातूनच आला आहे.

ओळखीचा चेहरा दाखवून घाबरवणं थीम पार्कांपेक्षा खूप जुनं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रोबेर्तसों हा कलाकार मॅजिक लँटर्न या चित्रं पडद्यावर टाकणाऱ्या दिव्याने अंधाऱ्या खोलीत आकृत्या उमटवायचा, त्यात क्रांतीत नुकतेच मेलेले पुढारीही असत. लंडनमध्ये मादाम तुसाँच्या ‘चेंबर ऑफ हॉरर्स’मध्ये लोक खऱ्या खुन्यांचे मेणाचे चेहरे बघायला जात. दुसरीकडे, इंग्लंडमधल्या ऑर्टन अँड स्पूनर या जत्रेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने १९१५ मध्ये भुताचं घर बांधलं, त्यात कुणाचीच गोष्ट नव्हती. पायाखालची हलती जमीन आणि अंधार एवढ्यावर ते चालायचं. हॉलिकोम्बच्या संग्रहात ते अजूनही आहे.

थीम पार्कांच्या जगातलं सर्वांत प्रसिद्ध झपाटलेलं घरही कुठल्या चित्रपटातून आलेलं नाही. डिस्नेलँडच्या ‘हॉन्टेड मॅन्शन’ची इमारत १९६३ मध्ये बाहेरून पूर्ण झाली, पण दारं उघडली ९ ऑगस्ट १९६९ रोजी. मधल्या वर्षांत आत नेमकं काय असावं यावर खल चालू होता. डिस्नेच्या रचनाकारांपैकी क्लॉड कोट्स यांना गूढ, उदास वातावरण हवं होतं, मार्क डेव्हिस यांना विनोदी प्रसंग. शेवटी दोघांचंही आत आलं, आणि ते जमून गेलं. डिस्नेच्या कपाटात चेटकिणी, दुष्ट राण्या भरपूर होत्या. तरीही नवी ९९९ भुतं जन्माला घातली गेली. पुढे उलटा प्रवास झाला: राइडवरून २००३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये चित्रपट निघाले. आणि २००१ पासून दर वर्षाच्या अखेरीस याच मॅन्शनवर ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’चा साज चढतो. घरची मूळ कल्पना आणि पडद्यावरचं नाव एकाच छपराखाली नांदू शकतं, याचं इतकं लोभस उदाहरण दुसरं नाही.

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ मध्ये तीन रात्रींचा हॅलोवीन हाँट सुरू केला. आज ‘नॉट्स स्केरी फार्म’ म्हणून ओळखला जाणारा हा कार्यक्रम मोठ्या पार्कांमधल्या अशा सगळ्या कार्यक्रमांचा पूर्वज मानला जातो. त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता. होतं ते आधीपासूनचं घोस्ट टाउन, म्हणजे जुन्या ओसाड गावाचा देखावा, धुकं आणि वेशभूषा केलेली माणसं. पुढे त्यांनीही परवान्याची, म्हणजे चित्रपटांचे हक्क घेऊन घरं करण्याची, चव घेतली: २००६ मध्ये ‘द ग्रज २’, २००८ मध्ये ‘क्वारंटाइन’. ती वाट फार पुढे गेली नाही. नॉट्सची ओळख त्यांच्या स्वतःच्या मेझेसवरच, म्हणजे भुताच्या घरांवरच, टिकली.

ऑरलँडोत मात्र नव्वदच्या दशकात अडचण वेगळी होती. कार्यक्रम मोठा होत होता, पण त्याला स्वतःचा चेहरा नव्हता. १९९५ मध्ये यजमान म्हणून टीव्हीवरच्या भयकथा-मालिकेचा निवेदक क्रिप्ट कीपर आणला, म्हणजे तोही उसनाच. २००० मध्ये दहाव्या पर्वासाठी पार्कच्या लोकांनी जॅक नावाचा विदूषक तयार केला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच. जॅकचा कुठलाही चित्रपट नव्हता. जाहिरातीतला चेहरा आणि स्टेजवर सलग बडबडणारा नट एवढ्या भांडवलावर तो लोकांच्या मनात बसला. २००१ साठी त्याचा भाऊ एडी हा नवा आयकॉन, म्हणजे त्या वर्षीच्या कार्यक्रमाचा चेहरा, ठरला होता, पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तो बाजूला ठेवला गेला आणि जॅकच परत आला. मग केअरटेकर, डायरेक्टर, स्टोरीटेलर असे एकेक आयकॉन आले. या वर्षांत घरंही बहुतेक ओरिजिनल होती आणि त्या त्या आयकॉनच्या गोष्टीत गुंफलेली असत. चाहते आजही या काळाबद्दल जिव्हाळ्याने बोलतात, ते मला पटतं. कुठलीही बाहेरची ओळख हाताशी नसताना या कार्यक्रमाने स्वतःची दंतकथा रचली.

२००७ मध्ये वारं फिरलं. न्यू लाइन सिनेमाशी करार होऊन फ्रेडी क्रुगर, जेसन आणि लेदरफेस हे भयपटांतले खुनी एकाच वर्षी ऑरलँडो आणि हॉलिवूड या युनिव्हर्सलच्या दोन्ही पार्कांत आले. ऑरलँडोने त्यांना जॅकच्या सर्कशीत बसवून तोल सांभाळला. हॉलिवूडचा कार्यक्रम आदल्याच वर्षी पुन्हा सुरू झाला होता, आणि त्याचे सूत्रधार जॉन मर्डी यांच्या हाताखाली त्याने पडद्यावरच्या भयपटांना जवळ करण्याचा रस्ता धरला. चित्रपट जिथे बनतात तिथेच चित्रपटात शिरायला मिळणं, हा त्यामागचा विचार साधा आणि पक्का होता. २०१२ मध्ये ‘द वॉकिंग डेड’ आला आणि २०१३ मध्ये ऑरलँडोतले सगळे स्केअर झोन, म्हणजे घरांबाहेरचे रस्तेसुद्धा, त्याच एका मालिकेला दिले गेले. त्या वर्षी आठांपैकी पाच घरं आयपी होती आणि आयकॉन नव्हता. झोंबी एका रस्त्यावर छान वाटतात. सगळ्याच रस्त्यांवर तेच असले की रात्र एकसुरी होते, आणि चाहत्यांनी ते मोकळेपणाने बोलून दाखवलं.

तरी आयपीला नुसतं गल्लाभरू म्हणून झटकणं चूक आहे, कारण २०१३ मध्येच ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन’वरचं घर आलं होतं. १९८१ च्या त्या चित्रपटातले लांडगे मोठ्या बाहुल्यांच्या रूपाने अंधारातून झेपावत. ते इतकं गाजलं की २०१५ मध्ये पुन्हा आणलं गेलं.

आयपी का चालतं याचं उत्तर चालण्याच्या वेगात आहे. अशा घरात लोक रांगेने पुढे सरकत राहतात. एक खोली काही सेकंदच समोर असते, आणि अख्खं घर काही मिनिटांत संपतं. तेवढ्यात गोष्ट सांगायची कशी? मागची माणसं ढकलत असतात, पुढची किंचाळत असतात, संवाद अर्धवट कानावर पडतो. चित्रपट आधी पाहिलेला असला की गोष्ट लोक डोक्यात घेऊनच आत येतात आणि घराला फक्त त्या क्षणापर्यंत पोचवायचं असतं. ओरिजिनल घराला तीच माहिती दर्शनी भागावरून आणि पहिल्या खोलीतून द्यावी लागते. म्हणून चांगल्या ओरिजिनल घरांचा दर्शनी भाग इतका भव्य असतो: पाहणाऱ्याला रांगेतच कळायला हवं की आपण कुठल्या गावात, कुठल्या संकटात शिरतो आहोत.

परवान्याची किंमत फक्त पैशात मोजायची नसते. हक्क असलेल्या कंपनीची मंजुरी लागते, नटांच्या चेहऱ्याचे हक्क वेगळे असू शकतात, प्रसंगांत मनासारखा बदल करता येत नाही. ‘हॅलोवीन’ चित्रपटांतल्या मायकेल मायर्ससारखा मुखवटाधारी खुनी या माध्यमाला फार सोयीचा आहे, कारण एकाच वेळी सहा खोल्यांत सहा नट तोच चेहरा घेऊन उभे राहू शकतात. ज्याचं सगळं बळ एका नटाच्या अभिनयात आहे अशा भयपटाचं घर उभं करणं अवघड जातं. सर्वांत वाईट अवस्था प्रदर्शित न झालेल्या चित्रपटावरच्या घराची. २०१४ मध्ये ‘ड्रॅक्युला अनटोल्ड’चं आणि २०२३ मध्ये ‘द एक्सॉर्सिस्ट: बिलीव्हर’चं घर चित्रपटाच्या आधीच उघडलं. तिथे प्रेक्षकाला ओळख नाही आणि रचनाकाराला मोकळीकही नाही. अशा घरांवर वेळ आणि जागा खर्च होते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक जागा आहे, आणि ती मला सर्वांत सुपीक वाटते. ‘ला योरोना’ ही मेक्सिकोतल्या लोककथेतली रडणारी बाई. तिचा हक्क कुणाकडेच नाही, पण लाखो लोकांनी तिची गोष्ट आजीकडून ऐकलेली आहे. हॉलिवूडने २०११ मध्ये तिच्यावर घर केलं, दोन वर्षांनी ती ऑरलँडोतही आली, आणि पुढे ‘मॉन्स्ट्रुओस’ या घरात लॅटिन अमेरिकेतली इतर लोकभुतंही दोन्हीकडे पोचली. फ्रँकेन्स्टाइनचंही काहीसं असंच. मेरी शेलीची १८१८ ची कादंबरी सगळ्यांची आहे, पण चपट्या डोक्याचं, मानेला खिळे असलेलं १९३१ चं रूप युनिव्हर्सलचं. गेल्या काही वर्षांत या घरच्या राक्षसांना पार्कने नव्या गोष्टी दिल्या. नावं जुनी, मंजुरी आपलीच, त्यामुळे त्या घरांना आयपीची ओळख आणि ओरिजिनलची मोकळीक दोन्ही मिळतं.

२०१८ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेवरचं घर ऑरलँडो, हॉलिवूड आणि सिंगापूर या तिन्ही ठिकाणी एकाच हंगामात आलं आणि आयपीची ताकद पुन्हा दिसली. पण त्याच वर्षी ऑरलँडोत घरं दहा झाली, आणि वाढलेल्या जागेत पाच ओरिजिनल राहिली. त्यातलं ‘स्लॉटर सिनेमा’ हे कधीच न बनलेल्या बी-ग्रेड भयपटांचं घर होतं. २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. तिसाव्या पर्वात, २०२१ मध्ये, जुन्या आयकॉन्सना मिळून एक अख्खं घर मिळालं. तोवर ती पात्रं स्वतःच आयपी झाली होती.

‘स्केअरक्रो: द रीपिंग’चा प्रवास याहून लांबचा आहे. २०१७ मध्ये ऑरलँडोत धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या शेतावरचं हे ओरिजिनल घर आलं, २०२२ मध्ये ते हॉलिवूडला गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये युनिव्हर्सलने लास वेगासमध्ये ‘हॉरर अनलीश्ड’ हे वर्षभर चालणारं ठिकाण उघडलं, तेव्हा तिथल्या चार घरांत ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’, ‘द एक्सॉर्सिस्ट: बिलीव्हर’ आणि युनिव्हर्सलचे राक्षस यांच्या बरोबरीने हे बुजगावणंही होतं. दुसऱ्या बाजूला २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्ज या पार्कांच्या साखळीने आपल्या फ्राइट फेस्ट या हॅलोवीनच्या कार्यक्रमात ‘सॉ’, ‘द कॉन्ज्युरिंग’ आणि ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आणले, आणि त्याच वर्षी १ जुलैला नॉट्सची मालक कंपनी सीडर फेअर सिक्स फ्लॅग्जमध्ये विलीन झाली. स्वतःच्या मेझेसवर पन्नास वर्षं उभा असलेला नॉट्सचा हाँट आणि नावं विकत घेऊ लागलेला फ्राइट फेस्ट आता एकाच कंपनीचे आहेत. यातल्या कुणी कुणाचं शिकायचं हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे असता, तर सिक्स फ्लॅग्जच्या रचनाकारांना एक हंगाम घोस्ट टाउनच्या धुक्यात काम करायला पाठवलं असतं.