प्रवाह ताशी अकरा, नाव ताशी आठ

बडोद्यातून समुद्र दिसत नाही, पण तो फार लांबही नाही. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर इथल्या अनेकांनी पाहिलेलं असतं. ओहोटीला थेट पिंडीपर्यंत चालत जाता येतं आणि काही तासांत पाणी चढून पिंड दिसेनाशी होते, तेही दिवसातून दोनदा. दर्शनाला गेलेल्याने याला महिमा म्हणावं, फुगवायच्या, म्हणजे हवेच्या नावेतून गळ टाकायला गेलेल्याने त्यातले आकडे बघावेत. खंभातचं आखात उत्तरेकडे नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरणारं पाणी दाटतं आणि उंचावतं. भावनगरच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो.

भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तासांची, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम हलतं. मधल्या दोन तासांत एकूण उताराचा जवळजवळ अर्धा भाग होऊन जातो. १० मीटरचा उतार धरला तर त्या दोन तासांत ५ मीटर, म्हणजे मिनिटाला ४ सेंटिमीटर. एवढं पाणी आखातातून बाहेर पडताना प्रवाह ५-६ नॉटपर्यंत पोचतो. सहा नॉट म्हणजे ताशी ११ किलोमीटर.

हवेची नाव घेणारे बहुतेक लोक आधी नाव पसंत करतात आणि उरलेल्या पैशांत बसेल ती मोटर घेतात. तलावात हे चालून जातं. आखातात मात्र मोटर आधी ठरवावी लागते. पाणी कापत जाणारी कुठलीही नाव स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढची लाट नाकापाशी आणि दुसरी शेपटीपाशी आली की नाव त्या दोन लाटांमधल्या खळग्यात बसते, आणि मग कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. ही मर्यादा पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरते: लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले साडेचार, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. ३.३ मीटरची नाव पाण्याला सुमारे ३ मीटर टेकते, म्हणून तिची मर्यादा ताशी पावणेआठ किलोमीटर. अडीच किंवा चार हॉर्सपॉवरची मोटर तिला इथपर्यंतच नेते. समोरून ताशी ११ चा प्रवाह असेल, तर पूर्ण थ्रॉटल देऊनही तुम्ही ताशी तीन किलोमीटरने मागे, दक्षिणेकडे जात राहाल, आणि पेट्रोल संपेल ते वेगळंच.

यातून सुटायचं तर नाव स्वतःच्या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठावरून घसरत धावली पाहिजे. त्यासाठी ढोबळ हिशेब असा की दर हॉर्सपॉवरमागे एकूण वजन २० किलोच्या आसपास असावं. दोन माणसं १५० किलो, नाव ५५, मोटर ४५, पेट्रोल आणि टाकी १२, नांगर-दोर-गळ-बर्फ २५ किलो, मिळून २८७. यावर ९.९ ची मोटर लावली तर हॉर्सपॉवरमागे २९ किलो पडतात. नाव नाक वर करून धडपडते, चढेलच याची खात्री नाही. १५ ची लावली तर १९ किलो पडतात आणि ती सहज चढते. मात्र नावेच्या मागच्या फळीवर किंवा पट्टीवर कमाल किती हॉर्सपॉवर चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा १० असेल, तर ती नाव या आखातासाठी नाहीच. फळीला टेका देऊन मोठी मोटर बसवणारे भेटतात. फळी आणि ट्यूब यांचा जोड सुटतो तो बहुतेक असल्या जुगाडातूनच.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा वाद बराचसा पाठीचा आहे. १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक ३५-३८ किलोची, फोर-स्ट्रोक ५० च्या आसपास. अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरून ती कोण उतरवणार, हे आधी ठरवा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात तेल मिसळावं लागतं: बहुतेक मोटरींना ५० ला १, म्हणजे १२ लिटरला २४० मिलि; नवी असताना पहिल्या काही तासांना त्याच्या दुप्पट. स्कूटरचं तेल नको. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीचं तेल वेगळं असतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. फोर-स्ट्रोक कमी पिते आणि कमी धूर करते, पण गाडीच्या डिकीत ती पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवरच निजवायची, नाहीतर सम्पमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाशी साठणारं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनाभर ठेवलेलं पेट्रोल घेऊन समुद्रात जाऊ नये. घरी आल्यावर टाकीची नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवली की कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. न चालू होणाऱ्या बऱ्याच मोटरींचं दुखणं या वाटीतच सापडेल.

शाफ्टची लांबी मागच्या फळीवर ठरते. या आकाराच्या नावेला बहुधा आखूड शाफ्ट, ३८ सेंटिमीटरचा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळीत किंवा त्याखाली अडीच सेंटिमीटरपर्यंत असावी. ती वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि धक्का गायब होतो. फार खाली गेली तर ओढ वाढते आणि पाणी फळीवरून आत उडतं.

आता नाव. ३.३ मीटरच्या नावेची ट्यूब ४२ सेंटिमीटर व्यासाची असेल तर दोन्ही बाजू आणि नाक मिळून तिच्यात सुमारे एक घनमीटर हवा मावते, म्हणजे पूर्ण बुडवायला एक टन वजन हवं. तीन कप्प्यांपैकी एक फुटला तरी नाव तरते, फक्त त्या कुशीवर कलते. म्हणून एक-दोन नाही, किमान तीन कप्पे बघावेत. तळाला फुगणारा कणा हवाच, त्याशिवाय वेगात दिशा टिकत नाही. तळाशी हवेची गादी घ्यायची की ॲल्युमिनियमच्या फळ्या? गादी हलकी, गुंडाळायला सोपी. पण इथे शिंगाळा मासा लागतो, त्याच्या काट्याला आणि सुट्या गळाला फळ्याच परवडतात. कापड पीव्हीसीचं, ०.९ मिलिमीटरचं. हायपॅलॉन हे कृत्रिम रबराचं कापड उन्हात जास्त टिकतं आणि जास्त महागही पडतं. महिन्यातून दोनदा वापरून एरवी सावलीत ठेवायची असेल, तर पीव्हीसी पुरतं.

हवेच्या दाबात सगळेच चुकतात. ट्यूबमध्ये बहुधा ०.२५ बार भरायचा असतो. सकाळी २५ अंशांना तेवढा भरला आणि नाव वाळूवर उन्हात राहिली, तर काळ्या-करड्या ट्यूबमधली हवा ५५ अंशांवर सहज जाते. दाब-तापमानाचा नियम एकूण दाबाला लागू होतो, पंपाच्या काट्याला नाही. वातावरणाचा १ बार धरून एकूण १.२५ चे १.३८ होतात, आणि काटा ०.२५ वरून ०.३८ वर जातो, म्हणजे दीडपट. शिवणी इथेच उलतात. उलट, दुपारी तापलेल्या नावेत ०.२५ भरून ती २८ अंशांच्या पाण्यात सोडली की काटा ०.१५ वर येतो. नाव मधून वाकते, तळाच्या फळ्या सैल होतात आणि मोटर नावेलाच दुमडते. म्हणून किनाऱ्यावर थोडी कमी भरायची, पाण्यात दहा मिनिटं राहू द्यायची, मग पूर्ण भरायची. परत आल्यावर वर ओढताच थोडी हवा सोडायची. भरताना सगळे कप्पे आधी अर्धे-अर्धे भरा. एकच कप्पा गच्च भरला तर मधला पडदा शेजारच्या रिकाम्या कप्प्याकडे ताणला जातो.

आखाताचं पाणी चहासारखं गढूळ. मोटर तेच पाणी खेचून थंड होते, म्हणून पंपाची रबरी चक्री इथे लवकर झिजते. मोटरीमागून उडणारी पाण्याची बारीक धार हीच खूण. ती मंदावली की लगेच मोटर बंद करून तळातली जाळी चिखलाने भरली आहे का ते बघा. चक्री दर हंगामाला बदला, आणि प्रत्येक फेरीनंतर पिंपातल्या गोड्या पाण्यात मोटर दहा मिनिटं चालवा, मधून एकदा पाणी बदलून.

भोकाला ठिगळ लावताना ते भोकाच्या चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर बाहेर यायला हवं. गोंद दोन भागांचा, पॉलियुरेथेनचा. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन पीव्हीसीला धरत नाही. पावसाळ्यात हे काम करू नका, दमट हवेत जोड कच्चा राहतो. चोवीस तास हवा भरायची नाही.

दिवस निवडायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उधाणाचे, ते टाळा. अष्टमी ते दशमी भांगाचे. तेव्हा फरक आणि प्रवाह दोन्ही बरेच कमी. पश्चिम किनाऱ्यावर किमान १ जून ते ३१ जुलै यंत्रनावांच्या मासेमारीला बंदी असते, आणि नावेची नोंदणी कशी करायची ते मत्स्योद्योग खात्यात आधी विचारून घ्या. लाइफ जॅकेट घालून बसायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात नाव उलटली, त्यानंतर बडोद्यात हे वेगळं सांगायला नको. मोटर बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला.

नांगर टाकताना दोराची लांबी आत्ताच्या खोलीवर नाही, भरतीच्या खोलीवर मोजा. ओहोटीला ३ मीटर असेल आणि पाणी ८ मीटर चढणार असेल, तर ११ च्या पाचपट, ५५ मीटर दोर हवा. तो नाकालाच बांधायचा. मागच्या फळीला बांधला तर प्रवाह फळीवरून चढतो आणि नाव मिनिटभरात भरते.

आणि पाणी निघून गेलं, नाव गाळावर बसली, तर मोटर लगेच वर उचला, नांगर टाका आणि आतच बसून राहा. गाळ वरून टणक दिसतो, पण पाय मांडीपर्यंत जातो आणि बाहेर निघत नाही. पाणी परत यायला सहा ते बारा तास लागतील. तेवढं पिण्याचं पाणी, टोपी आणि बॅटरी जवळ ठेवा.