सर्व्हर रूमचा एसी सोळावर? गरज नाही

रत्नागिरी-मालवणकडच्या पतसंस्था, रुग्णालयं, कॉलेजं अशा ठिकाणी एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: सर्व्हर रूम जितकी थंड, तितकी मशिनं सुरक्षित. म्हणून एसी कायम सोळावर. हा समज चुकीचा आहे आणि कोकणात तर तो महागात पडतो.

डेटा सेंटरसाठी निकष सुचवणाऱ्या 'अ‍ॅश्रे' या अमेरिकी संस्थेने २००८ मध्येच १८ ते २७ अंश सेल्सिअसची शिफारस केली. तीही अख्ख्या खोलीसाठी नव्हे, रॅकच्या (सर्व्हर बसवलेल्या मांडणीच्या) पुढून सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी. थर्मामीटर तिथेच लावा. प्रोसेसर फार तापला तर तो आपणहून वेग उतरवतो. ते संरक्षण आतच असतं.

खरा धोका दमटपणाचा. जुलैत आपल्याकडे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. गारठवलेल्या खोलीचं दार उघडं राहिलं की बाहेरची हवा शिरते आणि थंड पत्र्यावर, केबल ट्रेवर थेंब धरतात. बंद ठेवलेला जादा सर्व्हर आधी ओला होतो, कारण त्याला स्वतःची ऊब नसते. त्यात खारी हवा. कनेक्टर हिरवे पडायला वेळ लागत नाही. म्हणूनच वीज वाचवायला खिडकी उघडणं इथे नकोच.

एसी २४ वर आणा, दाराच्या फटी बुजवा, आर्द्रता मोजत राहा. रॅकमधल्या रिकाम्या खणांवर पट्ट्या बसवा, म्हणजे मागची गरम हवा पुढे येत नाही. आत शिरणारी हवा २७ अंशांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका: सर्व्हरचे पंखे जोर धरतात, आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला वीज जवळपास आठपट लागते.