खोली आवरणाऱ्या हातांची बक्षिसी : एका प्रथेची पार्श्वभूमी

कोल्हापुरात 'हॉटेल' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या खाण्याच्या जागेसाठी वापरला गेला आहे. मिसळ हॉटेलात खायची, चहा हॉटेलात प्यायचा. मुक्काम मात्र लॉजवर, धर्मशाळेत किंवा यात्री निवासात करायचा. शब्दांची ही वाटणी वरवर किरकोळ वाटली, तरी टिप देण्याच्या आपल्या सवयीचे निम्मे कारण तिच्यातच आहे. हॉटेलात बिल बडीशेपेच्या बशीतून येते आणि उरलेली मोड त्याच बशीत ठेवून उठायचे असते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. लॉजच्या खोलीत अशी बशी कधी आलीच नाही. त्यामुळे मे महिन्यात चार दिवस गोव्याला राहून परतणारे कोल्हापूरचे कुटुंब जेवण वाढणाऱ्या वेटरला आणि निघताना बॅगा गाडीत ठेवणाऱ्या मुलाला न विसरता पैसे देते. पण रोज चादरी बदलणाऱ्या, न्हाणीघर घासणाऱ्या आणि मुलांनी पायांबरोबर आणलेली वाळू झाडून काढणाऱ्या बाईला काही द्यायचे असते का, हा प्रश्न गाडी आंबोलीचा घाट चढू लागल्यावर निघतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

याचा अर्थ देण्याची रीत आपल्याकडे नव्हती असा नाही. मराठीत देण्याला शब्द उदंड आहेत. फारसीतून आलेल्या 'बक्षीस' या शब्दाच्या मुळाशी देणे आणि क्षमा करणे असे दोन्ही अर्थ आहेत. आज बक्षीस स्पर्धेत मिळते आणि बक्षिसी सेवेबद्दल. अरबी वळणाचे 'इनाम' जमिनीलाही लागले आणि कुस्तीलाही. गवयाला बिदागी, कीर्तनकाराच्या आरतीच्या ताटात दक्षिणा, तमाशाच्या फडात दौलतजादा, अशी प्रत्येक कलेची आपापली परिभाषा ठरलेली होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात चटकदार कुस्ती केलेला मल्ल प्रेक्षकांतून फिरतो आणि लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात, हे दृश्य कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही. (इंग्रजीतून आलेली 'टिप' मात्र आधीच गर्दी असलेल्या घरात शिरली. शिंप्याची टीप, पुस्तकातली तळटीप आणि खबऱ्याने पोलिसांना दिलेली टीप या तिघी तिच्या आधीपासून नांदत होत्या.)

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असतात, आणि बहुतेक वेळा चार माणसे ते देणे पाहत असतात. आपल्या परंपरेतील बक्षिसी ही शाबासकी आहे, आणि शाबासकीला चेहरा लागतो. अपवाद म्हणावा तर दिवाळीच्या पोस्तीचा. घरकाम करणाऱ्या बाईला, पेपर टाकणाऱ्या मुलाला, पोस्टमनला दिवाळीत दिली जाणारी पोस्त ही विशिष्ट कामगिरीबद्दल नसते, वर्षभराच्या न दिसणाऱ्या कामाबद्दल असते. तरीही ती ओळखीच्या माणसालाच मिळते. ज्याचे नाव ठाऊक नाही आणि जो आपण बाहेर पडल्यावरच खोलीत येतो, अशा माणसाला द्यायचे कसे, याची तरतूद या रीतीत नाही. खोली आवरणाऱ्या कामगाराकडे होणारे दुर्लक्ष कंजूषपणातून आलेले नसून मुख्यतः या उणिवेतून आलेले आहे, असे माझे मत आहे.

मुक्कामाचा इतिहासही याला पूरक ठरला. कोल्हापूर हे मुळात यात्रेचे गाव. अंबाबाईच्या दर्शनाला आणि पुढे जोतिबाला जाणारा यात्रेकरू धर्मशाळेत किंवा ओळखीच्या पुजाऱ्याच्या घरी उतरत असे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्यावर यात्रेकरूंचे येणे सोपे झाले, पण मुक्कामाची पद्धत लगेच बदलली नाही. अंथरूण-पांघरुणाची वळकटी प्रवासी बरोबर आणत, उतरलेली जागा स्वतः झाडत आणि निघताना धर्मशाळेच्या पेटीत यथाशक्ती काही टाकत. ते देणे देवाला किंवा संस्थेला होते. झाडलोट करणाऱ्या व्यक्तीला नव्हते. घरी पाहुणे म्हणून राहिल्यास यजमानांच्या मुलांच्या हातावर खाऊसाठी पैसे ठेवायचे आणि मोलकरणीलाही काही द्यायचे, ही पद्धत होती आणि अजून आहे. पण तिथेही मोलकरीण निरोपाच्या वेळी दारात उभी असते.

साफसफाईच्या कामाला आपल्याकडे आणखी एक ओझे आहे आणि ते टाळून ही पार्श्वभूमी पूर्ण होत नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गाव स्वच्छ ठेवणे हे विशिष्ट जातींचे जन्मजात कर्तव्य मानले गेले आणि त्याचा मोबदला मजुरी म्हणून न ठरता बलुते आणि वतन म्हणून ठरला. जे काम कर्तव्य म्हणून लादले जाते त्याबद्दल कोणी खूश होऊन काही देत नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. मुंबई राज्यात अशी कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. याच शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले आणि तिथे थांबून स्वतः चहा घेतला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. हॉटेलच्या व्यवसायात कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जात होता. आज तो विचारला जात नाही, पण वेटरला टिप आणि न्हाणीघर धुणाऱ्याला काहीच नाही या सवयीत त्याचा अंश उरलेला नसेलच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

टिपची आजची पद्धत मात्र बाहेरून आली. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या वाड्यावर राहिलेल्या पाहुण्याला निघताना दिवाणखान्यात ओळीने उभ्या राहिलेल्या नोकरांना पैसे द्यावे लागत. हा भार इतका वाढला की यजमानांनीच ती प्रथा बंद करण्याचा प्रयत्न केला आणि १७६४ मध्ये लंडनमध्ये नोकरांनी त्याविरुद्ध दंगा केला. 'टिप' हा शब्द तत्पर सेवेसंबंधीच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून झाला, असे आवर्जून सांगितले जाते. ती दंतकथा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील भुरट्या चोरांच्या बोलीत या शब्दाचा अर्थ 'हळूच देणे' असा होता.

अमेरिकेत ही प्रथा यादवी युद्धानंतर फोफावली, आणि तिथला एक अध्याय आपल्या विषयाला सर्वांत जवळचा आहे. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने १८६७ पासून आगगाडीचे शयनयान डबे चालवले आणि त्यांत अंथरुणे घालण्यासाठी, बूट पुसण्यासाठी आणि प्रवाशांच्या दिमतीसाठी कृष्णवर्णीय पुरुष नेमले. त्यांतील अनेक जण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते. प्रवासी टिप देतील हे गृहीत धरून कंपनीने पगार कमी ठेवला. प्रवासी त्यांना नावाने न ओळखता मालकाच्या नावावरून सरसकट 'जॉर्ज' अशी हाक मारत. रात्रीचे बिछाने घालणारा आणि सकाळी ते उचलणारा हा कामगार म्हणजे हॉटेलातील हाउसकीपिंग कामगाराचा चुलत पूर्वजच म्हणावा लागेल. फरक एवढाच की तो प्रवाशाच्या डोळ्यांसमोर काम करत असल्याने त्याला टिप मिळत तरी होती. या कामगारांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला.

त्याच काळात अमेरिकेत टिपला विरोधही झाला. टिप ही लोकशाहीला न शोभणारी सरंजामी खूण आहे, या भावनेतून १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपबंदीचा कायदा केला. एकूण सहा राज्यांनी असे कायदे केले आणि १९२६ पर्यंत ते सर्व रद्द झाले. पुढे उलटाच प्रवास घडला. टिप मिळवणाऱ्यांना कमी किमान वेतन देण्याची मुभा १९६६ मध्ये केंद्रीय कायद्यातच आली आणि १९९१ पासून तिथला हा केंद्रीय दर तासाला २.१३ डॉलरवर थांबला आहे. खोली आवरणाऱ्यांना सहसा हा दर लागू नसतो, म्हणून 'वेटरला गरज आहे, यांना नाही' असा समज तिथेही पसरला. २०१४ मध्ये मॅरियट कंपनीने अमेरिका आणि कॅनडातील खोल्यांत टिपसाठी पाकिटे ठेवली, तेव्हा कंपनीने स्वतःच पगार का वाढवू नये, असा रोखठोक सवाल अनेकांनी केला. मला तो सवाल रास्त वाटतो. पण त्या पाकिटाने एक अडचण नेमकी ओळखली होती. न भेटणाऱ्या माणसाला द्यायचे तर त्यासाठी काही साधन हवे, आणि आपल्या बडीशेपेच्या बशीने हेच काम केले आहे.

भारतात साहेबी काळातील डाकबंगल्याच्या खानसाम्यापासून १९०३ मध्ये उघडलेल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलपर्यंत बक्षिसी चालतच आली. तिच्या कायदेशीर स्वरूपाचा निवाडा मात्र बऱ्याच उशिरा झाला. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हा पैसा ग्राहकाचा आहे, व्यवस्थापनाचा नाही; त्यामुळे कामगाराला टिप मिळते या सबबीवर मालकाला त्याचा हक्काचा दावा नाकारता येणार नाही. २०१६ मध्ये आयटीसी कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने टिप हा पगाराचा भाग नसल्याने मालकाने त्यावर पगारासारखी करकपात करण्याची आवश्यकता नाही, असे ठरवले.

बिलात आपोआप जोडल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचा वाद वेगळा आहे, पण ग्राहकाच्या मनात दोन्हींची गल्लत होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी असे शुल्क परस्पर लावण्यास मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या मार्गदर्शक तत्त्वांना स्थगिती दिली आणि २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे कायम केली. हे शुल्क प्रामुख्याने खाण्यापिण्याच्या बिलावर लावले जात होते, म्हणून 'सेवाशुल्क भरले आहे, आता वेगळे कशाला' हे म्हणणे खोली आवरणाऱ्या कामगाराच्या बाबतीत फारसे टिकत नाही.

आपल्याकडे सहकुटुंब सुट्टी ही यात्रेपासून सुटी झाली ती गेल्या चार-पाच दशकांत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले, नोकरदारांना रजा प्रवास सवलत मिळू लागली आणि पन्हाळा-महाबळेश्वराच्या पलीकडे कोकणकिनारा नकाशावर आला. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेसही १९८७ मध्ये हॉटेल झाला. वळकटी घरी राहिली आणि दुसऱ्याने घातलेल्या स्वच्छ पलंगाची सवय लागली. कुटुंबाच्या खोलीचे काम एकट्या प्रवाशाच्या खोलीपेक्षा कितीतरी अधिक असते. जादा गाद्या, दुप्पट टॉवेल, बिस्किटांचा चुरा, न्हाणीघरात पिळलेले पोहण्याचे कपडे आणि क्वचित ओली झालेली चादर, असा तो सगळा पसारा. मोठ्या हॉटेलात एका कामगाराला एका पाळीत साधारण बारा ते सोळा खोल्या आवराव्या लागतात, आणि कालची व्यक्ती आज त्याच खोलीला असेलच असे नाही. म्हणूनच शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेली रक्कम चार दिवस राबलेल्या तिघांपैकी एकीलाच मिळते. रोज थोडे ठेवणे हे त्यावरचे जुने आणि साधे उत्तर आहे.

रकमेबाबत आपल्याकडे कोणताही ठरलेला नियम नाही. अमेरिकेतील हॉटेल व्यावसायिकांची संघटना रात्रीला एक ते पाच डॉलर सुचवते, पण त्याचे रुपयांत रूपांतर करत बसण्यात अर्थ नाही. मध्यम हॉटेलात दिवसाला पन्नास-शंभर रुपये ठेवणारी कुटुंबे कोल्हापुरात माझ्या परिचयाची आहेत आणि ते मला पुरेसे संकोचरहित वाटते. पैसे टेबलावर नुसतेच ठेवले, तर पाहुण्याची विसरलेली रक्कम समजून कामगार त्याला हात लावत नाही किंवा ती काउंटरवर जमा करतो, कारण चोरीचा आळ येण्याची भीती खरी असते. म्हणून सोबत 'खोली आवरणाऱ्या ताईंसाठी' एवढी चिठ्ठी ठेवावी लागते.

अलीकडे यात एक नवी अडचण आली आहे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. तेव्हापासून खिशातली सुटी मोड कमी होत गेली. वेटरला बिलासोबत मोबाइलवरून देता येते, बॅगा उचलणारा मुलगा आपला क्यूआर कोड पुढे करतो. खोली आवरणारी मावशी त्या वेळी वरच्या मजल्यावर पुढच्या पाहुण्यासाठी चादर ताणून बसवत असते. तिच्यापर्यंत पोहोचते ती अजूनही उशीजवळ ठेवलेली नोटच, आणि तीही सुटी असली तर.