नातेवाइकांच्या हाती दिलेलं सलाईन

१९७१ चा जून. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं होतं आणि त्यांच्यात कॉलरा पसरला होता. तिथल्या छोट्या रुग्णालयात खाटा पुरेनात. जुलाब-उलट्यांनी माखलेल्या जमिनीवरच रुग्ण पडलेले, आणि त्या घाणीत गुडघे टेकून डॉ. दिलीप महालनोबीस एकेकाच्या शिरेत सलाईन लावत होते. त्याच्या बाटल्याही संपत आल्या होत्या.

कॉलऱ्याचा रुग्ण दगावतो तो शरीरातलं पाणी आटल्यामुळे. जंतूच्या विषानं आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहतात. नुसतं पाणी पाजलं, तर तेही अंगी लागत नाही. पण या धुमाकुळातही आतड्याची एक वाट शाबूत असते. ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनं आले, की पेशी त्यांना आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत शिरतं. म्हणून मिठासोबत साखर हवी. ती चवीपुरती नसते.

हे प्रयोगशाळेत आधीच कळलं होतं. १९६८ साली ढाक्यात रुग्णांवरही ते पडताळून झालं होतं, पण प्रशिक्षित लोकांच्या देखरेखीखाली. बनगावात तेवढी माणसं आणायची कुठून? महालनोबीस मूळचे बालरोगतज्ज्ञ. कोलकात्यात शिकलेले, इंग्लंडमध्ये काम करून परतलेले. त्यांनी ठरवलं, की हे काम नातेवाईक करतील.

लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. या प्रमाणात कोलकात्याच्या संशोधन केंद्रात पुड्या बांधल्या गेल्या आणि बनगावात पिंपांमध्ये द्रावण तयार होऊ लागलं. आया, भाऊ, नवरे पेले भरून पाजू लागले. किती पाजायचं? तहान भागेपर्यंत. सलाईनवर लोकांचा विश्वास, म्हणून याला ‘तोंडानं घ्यायचं सलाईन’ म्हटलं गेलं. माणसं ओळखणारा डॉक्टरच असं नाव देऊ शकतो!

सुरुवातीला शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते. या उपचारानं तीन हजारांहून अधिक रुग्णांमध्ये ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. तरीही अनेक तज्ज्ञांना ते पटेना. घरच्या माणसांवर औषध सोपवायचं, हेच त्यांना धोक्याचं वाटत होतं. जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ मात्र बनगावला येऊन सगळं पाहून गेले आणि त्यांनी या उपचाराची बाजू लावून धरली. पुढे महालनोबीसही त्या संघटनेच्या अतिसारविरोधी कामात होते.

आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती हीच. आज आरोग्य केंद्रात आशाताई ती पुडी हातात ठेवते, तेव्हा ती आईला समजावून सांगते आणि पाजण्याचं काम आईवरच सोपवते.

महालनोबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात वारले. पद्मविभूषण जाहीर झाला तो २०२३ मध्ये, मरणोत्तर. त्यांच्या हयातीत तो मिळायला हवा होता, ही रुखरुख मला आजही आहे.